रिकाम्या कवचाची करामत

दाढ काढून झाली, पेशंट गालात कापूस दाबून घरी गेला. खुर्चीवरच्या दिव्याच्या दांडीवर रक्ताचा एक शिंतोडा तसाच वाळून राहिला, नजरेला दिसणारही नाही इतका बारीक. त्या पेशंटला हेपटायटिस बी असेल, तर त्या वाळक्या ठिपक्यातला विषाणू निदान सात दिवस संसर्गाची ताकद राखून असतो. आकार म्हणाल तर अवघा ४२ नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दीड-दोन हजार ओळीने मावतील.

दातांच्या डॉक्टरांचं काम चालतं ते अंधाऱ्या, ओल्या, चिंचोळ्या जागेत. तिथेच सुई, स्केलर आणि मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर. १९५७ मध्ये अमेरिकेत आलेल्या या यंत्रानं दात कोरणं सोपं केलं, पण पाण्याच्या फवाऱ्याबरोबर लाळ आणि रक्तही उडू लागलं. शिवाय एअरोटर थांबतो त्या क्षणी उलटा दाब तयार होऊन तोंडातला ओलावा यंत्राच्या आत खेचला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर तो २०-३० सेकंद नुसता चालवून पाणी बाहेर सोडायचं आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा. नुसता बाहेरून पुसून भागत नाही. आणि ही सगळी कामं १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक डॉक्टर उघड्या हातांनी करत होते! लस येण्यापूर्वी अमेरिकेतल्या दंतवैद्यांमध्ये हेपटायटिस बी होऊन गेल्याच्या खुणा इतर लोकांच्या कितीतरी पट जास्त सापडत, त्या उगाच नाही.

दूषित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात सुमारे तीन, हेपटायटिस सीचा फार तर शंभरात दोन. लस न घेतलेल्याला हेपटायटिस बीचा मात्र शंभरात ६ ते ३०. इतका फरक का? या आजाराच्या काही रुग्णांच्या एक मिलिलिटर रक्तात शंभर कोटींहून जास्त विषाणू असतात. सुईच्या टोकाला चिकटलेलं रक्तही त्यामुळे पुरेसं ठरतं.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. हा विषाणू आपल्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन गरजेपेक्षा भरमसाट बनवतो. रुग्णाच्या रक्तात खऱ्या विषाणूंच्या हजारो पट रिकामी कवचं तरंगत असतात. आत जनुक नाही, म्हणजे आजारही नाही. १९६० च्या दशकात संशोधक बारूक ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं, ते हेच. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग शास्त्रज्ञांनी आजारी लोकांच्याच रक्तातून ही कवचं गाळून, धुऊन, रसायनांनी निर्धोक करून १९८१ मध्ये लस आणली. ज्या रक्ताची भीती, त्याच रक्तातून त्याच्यावरचा उपाय! पण तेव्हाच एड्सची दहशत पसरली आणि रक्तातून काढलेली लस टोचून घ्यायला अनेक आरोग्य कर्मचारी कचरू लागले. १९८६ मध्ये रक्ताची गरजच संपली. कवचाचं जनुक पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घातलं आणि यीस्टनं ते प्रथिन बनवून दिलं. जनुकीय तंत्रानं बनलेली माणसासाठीची ही पहिली लस. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती भारतात बनवली. आता ती पुण्यातही बनते.

हेपटायटिस सी आणि एचआयव्हीला मात्र लस नाही, तिथे हाताची सवयच कामी येते. इंजेक्शननंतर एका हातात टोपण आणि दुसऱ्या हातात सुई धरून ते लावायला जायचं नाही. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं आणि एकाच हातानं सुई त्यात सरकवायची. दुसरा हात लांब. ग्लोव्हज सुई अडवत नाहीत, पण सुईवरचं बरंचसं रक्त त्यांच्यावरच पुसलं जातं. टोचलंच तर बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचंही नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

दवाखान्यातली रक्तानं माखलेली हत्यारं बहुधा मावशी धुतात, कचऱ्याच्या पिशव्याही त्याच बांधतात. डॉक्टरांची लस कॉलेजातच झालेली असते, मावशींना कुणी विचारतच नाही, आणि हे मला फार खुपतं. त्यांच्यासाठी जाड रबरी हातमोजे हवेत, सुया टाकायला भोक न पडणारा पांढरा डबा हवा, आणि लसीचे तिन्ही डोस हवेत: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांचा आकडा १० किंवा त्याहून वर आला की काम झालं. पुढे कित्येक वर्षांनी तो घसरला तरी बिघडत नाही. या विषाणूला आजार उभा करायला साधारण एक ते चार महिने लागतात. लसीतलं कवच ओळखून ठेवलेल्या पेशी त्याच्या कितीतरी आधी जाग्या होऊन नवी प्रतिपिंडं बनवू लागतात.