शेतातल्या सेन्सरचा डेटा कोणत्या रस्त्याने जातो? वायरलेस सेन्सर नेटवर्क समजून घ्या

ट्रिपला एकाच्याच मोबाईलचं हॉटस्पॉट सगळ्यांनी वापरलं, की त्याची बॅटरी सगळ्यात आधी संपते. शेतातल्या सेन्सर नेटवर्कमध्येही असंच होतं, फक्त तिथे चार्जर नसतो.

हे नेटवर्क असतं कसं?

समजा, नेसरीच्या शिवारात उसाच्या प्लॉटमध्ये जमिनीतली ओल मोजणारे ३० सेन्सर लावलेत. प्रत्येकात छोटा रेडिओ आणि बॅटरी. सगळ्यांची रीडिंग विहिरीजवळच्या गेटवेकडे जातात आणि तिथून शेतकऱ्याच्या फोनवर. आयआयटी मुंबईने 'ॲग्रीसेन्स' प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षबागेत असं नेटवर्क प्रत्यक्ष लावलं होतं. पण ऊस डोक्याच्या वर गेला, की आत शिरून बॅटरी बदलणं म्हणजे अंगभर पात्यांचे ओरखडे. म्हणून इथे डेटाचा रस्ता ठरवताना बॅटरीचा विचार आधी करावा लागतो.

थेट पाठवायचं की टप्प्याटप्प्याने?

अंतर दुप्पट झालं, की सिग्नल पोहोचवायला लागणारी ऊर्जा साधारण चौपट होते. शिवाय प्रत्येक बिट पाठवताना आणि घेताना रेडिओचं सर्किटही ऊर्जा खातं. दोन्ही खर्च धरणाऱ्या एका प्रसिद्ध मॉडेलनुसार एक बिट १०० मीटर न्यायचा हिशोब असा:

- थेट: १०५० नॅनोज्यूल
- २५ मीटरचे ४ टप्पे: ६०० नॅनोज्यूल
- १० मीटरचे १० टप्पे: पुन्हा १०५०!

म्हणजे टप्पे वाढवले की बचत होतेच असं नाही. मधल्या प्रत्येक सेन्सरला डेटा आधी घ्यावा लागतो, मग पुढे ढकलावा लागतो.

सगळा भार एकावरच पडला तर?

गेटवेशेजारच्या सेन्सरमधून सगळ्यांचा डेटा जातो, त्यामुळे तो आधी बंद पडतो. मग मागचे सेन्सर चालू असूनही त्यांचा डेटा अडकतो. यावर २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 'लीच' हा प्रोटोकॉल मांडला. वरचं मॉडेलही त्यांचंच. यात सेन्सरचे गट पडतात. गटप्रमुख सगळ्यांची रीडिंग घेतो, ती एकत्र करून लहान मेसेज बनवतो आणि गेटवेला पाठवतो. या कामाला बॅटरी जास्त लागते, म्हणून प्रमुख आळीपाळीने बदलतो.

यातही एक अडचण आहे. कुठलाही सेन्सर गेटवेपर्यंत थेट पोहोचू शकतो, असं लीच गृहीत धरतो. मोठ्या शेतात ते जमत नाही. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'आरपीएल'मध्ये प्रत्येक सेन्सर गेटवेच्या दिशेचा एक शेजारी निवडतो. सिग्नल किती खात्रीचा आहे, शेजाऱ्याची बॅटरी किती उरली आहे, हेही त्यात धरता येतं. वाढलेल्या पिकामुळे सिग्नल कमजोर झाला, तर रस्ता बदलतो.

तुमच्या घरी असे सेन्सर घ्यायचा विचार चालू असेल, तर विक्रेत्याला फक्त 'रेंज किती?' एवढंच विचारू नका. 'सगळ्यात आधी कुठल्या सेन्सरची बॅटरी संपेल, आणि त्यानंतर बाकीच्यांचा डेटा येत राहील का?' हेही विचारा.