मी कोणत्या यंत्रावर बसलो आहे?

एका कचेरीत घडलेल्या प्रसंगापासून आरंभ करतो. कचेरीचे नाव सांगत नाही. तो दोष इतरत्रही सर्रास आढळतो. दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या एका बाईंनी एका सहकाऱ्याच्या पगारकपातीचे पत्र संगणकावर लिहिले आणि छापावयाची आज्ञा दिली. पत्र छापले गेले, परंतु ते निघाले तळमजल्यावर, जेथे लोकांची रांग लागते त्या खिडकीमागील प्रिंटरवर. ज्याच्याविषयी ते होते त्याच्या आधी शिपायाने व खिडकीशी उभ्या असलेल्या दोघांनी ते वाचले. बाईंना लेखी ताकीद मिळाली. ते प्रकरण पुढे मजकडे पाहावयास आले, तेव्हा दिसले की बाईंची चूक काडीइतकीही नव्हती. चूक होती दहाबारा ओळींच्या एका आज्ञापत्राची. त्याला लॉगऑन स्क्रिप्ट म्हणतात.

आपण कचेरीतील संगणकावर आपले नाव व पासवर्ड लिहितो. ते पटले की, पडद्यावर काही दिसावयाच्या सुमारास, संगणक मुख्य सर्व्हरवर ठेवलेले हे आज्ञापत्र वाचतो आणि त्याबरहुकूम वागतो: यांना अमुक फोल्डर जोडून द्या, अमुक प्रिंटर द्या. पाहुणा आला की पाट मांडून तांब्याभांडे ठेवणाऱ्या जुन्या वाड्यातील गड्याचेच हे काम. माणूस एक, यंत्र एक, अशी व्यवस्था होती तोवर गड्याला फारसे डोके चालवावे लागत नसे.

ती व्यवस्था बदलली. सिट्रिक्स कंपनीने 1995 मध्ये विनफ्रेम आणले, 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी 4.0 ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, आणि 2009 पासून त्या सोयीला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस हे नाव आहे. हिच्यात कळफलक आणि पडदा तेवढा आपल्यापुढे असतो. प्रत्यक्ष काम दुसऱ्या खोलीतील, कदाचित दुसऱ्या गावातील, एका मोठ्या यंत्रात चालते. आपण दाबलेली कळ तिकडे जाते, चित्र इकडे येते. एकाच यंत्रात तीस-चाळीस माणसे एका वेळी काम करतात. घरोघरच्या चुली विझवून सर्वांनी एका खानावळीत जेवावे, तसे हे आहे.

आता घरचे नियम खानावळीत लावले तर काय होईल? 'जेवावयास बसण्यापूर्वी स्वयंपाकघर झाडून घ्यावे' हा नियम घरी उत्तमच. चाळीस जणांनी साडेनऊ वाजता खानावळीचे स्वयंपाकघर झाडावयास घेतले, तर कोणालाच जेवण मिळणार नाही. विषाणू शोधण्याचा कार्यक्रम प्रत्येक प्रवेशाबरोबर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टने सामायिक सर्व्हर असेच बसतात. म्हणून स्क्रिप्टने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, मी आहे कोठे?

उत्तरासाठी विंडोजने काही पाट्या लावून ठेवलेल्या असतात. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असे भारदस्त नाव आहे; मी पाट्याच म्हणेन, आणि पुण्याच्या श्रोत्यांना पाट्या नीट वाचण्याचे महत्त्व सांगावयास नको. 'कॉम्प्युटरनेम' या पाटीवर जेथे काम चालते त्या यंत्राचे नाव असते. 'क्लायंटनेम'वर जेथे आपले हात टेकले आहेत त्या यंत्राचे. 'सेशननेम'वर समोरासमोर बसलो असल्यास 'कन्सोल' असते, दुरून आलो असल्यास 'आरडीपी' या अक्षरांनी सुरू होणारे नाव. 'लॉगऑनसर्व्हर' ही पाटी नवख्यांना हटकून फसविते. जेथे आपण प्रवेश केला तो सर्व्हर, असा तिचा अर्थ ते घेतात. वास्तविक ज्याने पासवर्ड तपासला त्या यंत्राचे ते नाव.

सेशननेमवर विसंबूनही भागत नाही. घरून कचेरीतील स्वतःच्याच संगणकावर दुरून आलात, तरी पाटी 'आरडीपी'च म्हणते. पण तो सामायिक सर्व्हर नव्हे. पुष्कळ कचेऱ्यांत म्हणून सर्व्हरच्या नावाची पहिली तीन अक्षरे तपासतात. नवा सर्व्हर घेणारा गृहस्थ त्याला निराळ्या वळणाचे नाव देतो त्या दिवसापर्यंत हे ठीक चालते. माझ्या मते सामायिक सर्व्हरांचा निराळा गट करून, तेथे येणाऱ्यास तेथलेच नियम लागू करणारी ग्रुप पॉलिसीतील लूपबॅकची सोय वापरणे अधिक शहाणपणाचे. क्लायंटनेम हे तर पाहुण्याने स्वतःच सांगितलेले नाव असते. त्यावरून जवळचा प्रिंटर द्यावा. तिजोरीची किल्ली देऊ नये. कधी कधी स्क्रिप्ट धावते त्या क्षणी ही पाटी लागलेलीच नसते. अशा वेळी अंदाजाने प्रिंटर देण्यापेक्षा काहीच न देणे बरे.

बाईंच्या प्रकरणात मात्र पाटी होती, आणि स्क्रिप्टने ती बरोबर वाचली होती. सकाळी त्या तळमजल्याच्या खिडकीवर बदली म्हणून बसल्या होत्या. तेथून सर्व्हरवर आल्या, आणि स्क्रिप्टने त्यांना खिडकीमागील प्रिंटर दिला. दुपारी त्यांनी रीतसर बाहेर न पडता नुसती खिडकी मिटली, म्हणजे पडद्यावरची, आणि वर जाऊन आपल्या मेजावरून पुन्हा जोडून घेतले. असे केले असता सर्व्हर नवा प्रवेश मानीत नाही. अर्धवट पत्र जसेच्या तसे समोर येते, ही या व्यवस्थेची मोठीच सोय आहे. परंतु लॉगऑन झाले नाही म्हणून लॉगऑन स्क्रिप्टही धावत नाही. आधीपासून उघड्या असलेल्या कार्यक्रमांजवळ जुन्याच पाटीची प्रत असते. बाई दुसऱ्या मजल्यावर, आणि सर्व्हरच्या लेखी अजून तळमजल्यावर!

उपाय अवघड नव्हता. टास्क शेड्युलर या विंडोजच्याच भागाला, कोणी जुने सत्र पुन्हा जोडले की अमुक काम कर, असे सांगून ठेवता येते. तेथे एक लहानशी स्क्रिप्ट लावली. ती पाटी वाचीत नाही. या सत्राला या घडीस कोणते यंत्र जोडलेले आहे, असे विंडोजलाच विचारते आणि प्रिंटर बदलते. अर्ध्या दिवसाचे काम. अहवालात मी दोन गोष्टी लिहिल्या: ही स्क्रिप्ट सर्व सर्व्हरांवर लावावी, आणि बाईंची ताकीद मागे घ्यावी. पहिली लगेच अमलात आली. दुसरीचे उत्तर अद्याप आलेले नाही.