नाताळची शाकाहारी पंगत

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आहार शाकाहारीच ठेवला. नाताळच्या ताटात मांसाहार हवाच असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

• सुरुवातीला : मटार-गाजर-बटाट्याचे कटलेट. अंड्याऐवजी मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा.

• मुख्य पदार्थ : मशरूमची गोवन शाकुती. ओले खोबरे, धणे, खसखस, लाल मिरच्या खमंग भाजून वाटण करा.

• सोबत : तांदूळ-नारळाचे वाफवलेले सान्ने किंवा डिसेंबरातल्या ताज्या मटारांचा पुलाव.

• फराळ : मराठी ख्रिस्ती घरांतल्या करंज्या, चकल्या, शंकरपाळे, गोवन घरांतले दोदोल. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ आटवून दोदोल करतात.

• केक : पाककृतीतल्या दर अंड्याऐवजी पाव कप दही घाला. मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवा.

विकत घेताना : पुण्याच्या कॅम्पातल्या बेकरीत प्लम केक घेताना अंडे आणि रम आहे का, हे आवर्जून विचारा. पुडिंग-जेलीतले जिलेटिन प्राणिजन्य असते. त्याऐवजी अगर-अगर वापरा.