प्रयोगशाळेत अपघात झाला तर? विभागाची तयारी विचारणे हा आपला हक्क

औंध आणि खटाव-माण पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमधून मुले-मुली आता सायन्सला जाऊ लागली आहेत. कुणी साताऱ्याला, कुणी विट्याला, सांगलीला, तर एम.एस्सी.साठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. फी किती, वसतिगृह मिळेल का, स्कॉलरशिप कधी जमा होणार, याची चौकशी आपण करतो. पण ज्या विभागात लेकरू चार-चार तास ॲसिड, गॅस आणि विजेच्या उपकरणांजवळ उभे असते, तिथे अपघात झाला तर कोण काय करणार, हे आपण कधी विचारतो का?

आपत्ती आपल्या भागाला नवीन नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पाटण तालुक्यात कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसे गेली. वेळ पहाटेची होती. तसाच धक्का दुपारी, प्रॅक्टिकल चालू असताना बसला तर? म्हणून जड आणि ॲसिडच्या बाटल्या खालच्या फळीवर, कपाटे भिंतीला पक्की ठोकलेली आणि गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे हे सर्वांना माहीत, एवढे तरी हवेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. नदीकाठच्या गावातल्या विभागाने तळमजल्यावरची रसायने पावसाळ्याआधीच वर हलवली पाहिजेत.

तयारी नसली की त्याची किंमत कोण मोजतो, हे दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले एक जुने यंत्र वर्षानुवर्षे बंद पडून होते. २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथल्या कामगारांनी ते तोडले. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जणांना किरणोत्साराची बाधा होऊन दवाखान्यात राहावे लागले. यंत्र विद्यापीठाचे, हात भाजले ते भंगार फोडणाऱ्यांचे. भंगार आणि कचरा वेचून पोट भरणारी घरे आपल्या वस्त्यांतही आहेत. तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नका.

विभागाची आपत्कालीन योजना बनते तेव्हा प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांची नावे यादीत येतात. पण सकाळी सर्वांच्या आधी येऊन फरशी पुसणाऱ्या, फुटलेली काच आणि सांडलेले ॲसिड उचलणाऱ्या सफाई कामगार बाईचे नाव असते का? ठेकेदाराच्या माणसाचे? रात्रीच्या वॉचमनचे? आग लागल्यावर बाहेर जमलेल्यांची मोजणी होते. ज्याचे नाव यादीत नाही, तो आत अडकला तर त्याला शोधायला कोण जाणार? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. यादीत शेवटच्या कामगाराचे नाव आहे का, हा पहिला प्रश्न आपणच विचारायचा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. औंधसारख्या कोरड्या भागात तो फार मोलाचा आहे. अंगावर ॲसिड पडले तर पहिले औषध पाणीच, तेही सलग किमान २० मिनिटे. साधा नळ मिनिटाला ६ लिटर सोडत असेल तर त्यासाठी १२० लिटर लागतात. डोळे धुण्याच्या उपकरणाला मिनिटाला दीड लिटर धरले तर १५ मिनिटांना साडेबावीस लिटर. सुरक्षा शॉवरला तर १५ मिनिटांत हजार लिटरहून जास्त पाणी लागते. उन्हाळ्यात टाकी कोरडी असेल तर भिंतीवरचा शॉवर शोभेचाच. म्हणून प्रयोगशाळेत २०० लिटरचा झाकणाचा बॅरल आणि मग कायम भरलेला असावा आणि त्यातले पाणी नियमित बदलावे.

वॉर्डात ड्युटी करताना आम्ही भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद, शाई लावून आलेले कितीतरी पेशंट पाहिले. त्याने जखम झाकते आणि आत जंतू वाढतात. मुलांना हे पाठ करून द्या:

• ॲसिड पडले तर कपडे लगेच काढा. लाजू नका. वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. चुन्यासारखी कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग पाणी.
• डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून धुवा, चोळू नका.
• पोटात गेले तर उलटी करवू नका. बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात सोबत न्या.
• कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर झोपून लोळा.
• वायू पसरला, आत कुणी बेशुद्ध पडले, तर एकट्याने आत धावू नका. मदत बोलवा.
• विजेच्या किंवा स्पिरिटच्या आगीवर पाणी टाकू नका. अग्निशामक नळकांड्याची पिन ओढा आणि फवारा आगीच्या बुडाशी मारा.
• ॲम्ब्युलन्सला १०८, अग्निशमनला १०१. काहीच आठवले नाही तर ११२. औंधहून सातारा चाळीसेक किलोमीटर आहे, म्हणून गाडी येईपर्यंतची पहिली मिनिटे आपल्याच हातात असतात.

फ्रीशिपवर शिकणारी आपली मुले बोलायला कचरतात. प्रश्न विचारला तर प्रॅक्टिकलचे मार्क जातील, अशी भीती असते. म्हणून एकट्याने विचारू नका. पाच-दहा जणांनी सह्या करून विभागप्रमुखांना अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढेच विचारा: आपत्कालीन योजना लेखी आहे का? शेवटचे मॉक ड्रिल कोणत्या तारखेला झाले? अग्निशामक नळकांडी कधी भरली? मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते? जुनी रसायने आणि यंत्रे कुणाला दिली जातात? कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण दिले का?

उत्तर मिळाले नाही तर सरकारी विद्यापीठाला माहिती अधिकार कायदा २००५ लागू आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हा अर्ज पालकही करू शकतात.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. सायन्सला असलेल्या मुलांना पुढे बसवा, वरचे मुद्दे त्यांच्याकडून वाचून घ्या. महाविद्यालयात झाडलोट करणाऱ्या आया-बायांनाही बोलवा. कोणती बाटली कुठे ठेवलेली असते, हे त्याच रोज पाहतात. त्यांचे बोलणे वहीत लिहून घ्या आणि ती वही अर्जासोबत जोडा.