मिरचीवर आळ, सुपारी मोकाट

31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. शाळांना सुट्ट्या असल्याने प्रभातफेऱ्या टळतात, कचेऱ्यांत तेवढी शपथ उरकली जाते. मग जुलैत राज्याचा गुटखाबंदीचा आदेश आणखी एका वर्षासाठी निघतो. 2012 पासून तो दरसाल नव्याने निघतोय. बंदीचं पुढे काय होतं, हे भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. तंबाखू, कॅन्सर, पुडीवरचं भेसूर चित्र हेही सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते सुपारीबद्दल.

तक्रार सुरू होते ताटावर. भोकरदन तालुका मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार सगळ्यांना ठाऊक आहे. या मुलखात वाढलेला विशी-पंचविशीतला पोरगा एकाएकी ठेच्याला हात लावेनासा होतो. ‘झोंबतं’ म्हणतो. घरचे म्हणतात, उष्णता झाली, पित्त वाढलं, तोंड आलंय. हळूहळू गालाच्या आतला गुलाबी रंग जाऊन पांढुरकेपणा येतो. बोट फिरवलं तर गालात उभ्या ताठ दोऱ्या लागतात. मग भाकरीचा घास लहान लहान करत जावं लागतं, जीभ पुरती बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही. पडजीभ आक्रसते, टाळू ताठरतो, आवाज नाकातून यायला लागतो. काहींच्या कानाला दडे बसतात, कारण घशातून कानाकडे जाणारी नळी उघडण्याचं काम टाळूचेच स्नायू करतात. या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या पातळ अस्तराखालचा मऊ, ताणला जाणारा थर इथे निबर होऊन बसतो.

याचा शोध कसा लागला, ही कथा मला फार आवडते. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हे लक्षण नोंदवलं. पाठोपाठ मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचं असं आखडणं वर्णन केलं. कारण मात्र कळेना. तिखटाने आग होते, तर तिखटच गुन्हेगार असणार, असा संशय बळावला. 1960 मध्ये सत्यवती शिरसाट आणि वसंत खानोलकर यांनी मुंबईत उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सायसिन लावून पाहिलं आणि ऊतकांत बदलही दिसले! पुढे 1966 मध्ये याच शिरसाटबाईंनी डॅनिश संशोधक पिंडबोर्ग यांच्यासोबत या आजाराची व्याख्या मांडली; आजही ती पुस्तकांत दिली जाते. पण जसजशा लोकांच्या पाहण्या होत गेल्या, तसतशी मिरची सुटली आणि सुपारी अडकली. तिखट कितीही खा, सुपारी न चघळणाऱ्यात हा आजार क्वचितच सापडतो.

सुपारीतलं अरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना डिवचतं, त्या कोलॅजेन बनवत सुटतात. सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट गुंतवणारं विकर वाढवतं. आणि टॅनिनमुळे ते तंतू विरघळेनासे होतात. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात, तोच प्रकार जिवंत गालात चालतो. यात तंबाखूचा कणही लागत नाही. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. एर्नाकुलममध्ये अशा 66 रुग्णांवर 17 वर्षं नजर ठेवली गेली, तेव्हा पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला.

आपल्याकडे सुपारी पूजेत गणपती म्हणून बसते, सुपारी फुटली की सोयरीक पक्की होते. तिला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण पूजेतली सुपारी कुणी दिवसभर गालात धरून बसत नाही. राज्याच्या आदेशात सुगंधी सुपारी आहे, साधी नाही. त्यामुळे पानटपरीवर कच्ची सुपारी राजरोस हातावर पडते. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते.

तपासणी फुकट आहे. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी घालायची. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं, तीन बोटं सहज जातात. दोनच गेली, तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठावं. शालेय आरोग्य तपासणीत पोरांची उंची-वजनं घेतात, तिथेच हेही का पाहू नये?

उपचार आहेत, पण ते खर्चिक आणि चिवट. आधी पुडी बंद, मग गालात स्टिरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं. जोडीला रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरून, एकेक काडी वाढवत, तोंड ताणायचं. ते सोडलं की तोंड पुन्हा मिटतं. फारच बंद झालं तर दोऱ्या कापून तिथे गालातलीच चरबी बसवतात.

अशा माणसाला उद्या अपेंडिक्ससारखं साधं ऑपरेशन लागलं, तरी भूलतज्ज्ञाची पंचाईत होते. श्वासाची नळी तोंडावाटे घालता येत नाही. मग दुर्बीण लावलेली लवचीक नळी नाकातून उतरवावी लागते, तीही बहुधा रुग्ण जागा असताना. आणि ती सोय तालुक्याच्या दवाखान्यात सहसा नसते.