सैनिकाचे घर आणि सरकारी दप्तर

सैनिकाची नोकरी इतर सरकारी नोकऱ्यांहून एका बाबतीत फार निराळी आहे. कचेरीतील कारकून साठीच्या सुमारास सेवानिवृत्त होतो. तोवर त्याची मुले बहुधा मार्गी लागलेली असतात. शिपाई मात्र चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच घरी परततो. मुलांच्या शाळा चालू असतात, म्हातारे आईबाप हयात असतात, आणि अंगी असलेली विद्या गावात कोणाच्या उपयोगाची नसते. सैन्य तरुण राखावयाचे तर याला इलाज नाही. दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसे अशा रीतीने सैन्यदलांतून मुक्त होतात. देशाच्या गरजेपायी लवकर आटोपलेल्या या नोकरीचे देणे देशाने कसे फेडावयाचे, हा माजी सैनिकांच्या कल्याणाचा मूळ प्रश्न होय.

पहिले महायुद्ध संपल्यावर, 1919 साली, या कामासाठी हिंदुस्थानात प्रथम एक मंडळ स्थापन झाले. त्याचेच आजचे रूप म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्ड. हे नाव त्याला 1975 मध्ये मिळाले. संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. त्याखाली राज्यांची मंडळे व जिल्ह्याजिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालये येतात. राज्यातील या यंत्रणेच्या खर्चाचा 60 टक्के भार बहुतेक राज्यांत केंद्र सरकार उचलते, उरलेला राज्य सरकार.

या साऱ्या व्यवस्थेत दोन गोष्टींचा नेहमी घोटाळा होतो. एक हक्क, दुसरे साहाय्य. निवृत्तिवेतन हा हक्क आहे. नियमित भरतीच्या जवानाला तो सामान्यतः 15 वर्षांच्या सेवेने मिळतो. एकाच हुद्द्यावर, तितक्याच सेवेनंतर, पण निरनिराळ्या वर्षी घरी आलेल्या दोघांच्या पेन्शनीत पूर्वी मोठी तफावत पडे. दीर्घ मागणीनंतर 7 नोव्हेंबर 2015 रोजी ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ या तत्त्वाचा आदेश निघाला व तो 1 जुलै 2014 पासून लागू धरला गेला. दर पाच वर्षांनी फेरआकारणी होते. 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती झालेल्यांना मात्र या मुदतीबद्दल पेन्शन नाही, आणि त्यांपैकी फार तर चौथा हिस्साच पुढे नियमित सेवेत घेतला जावयाचा आहे. त्यांचा प्रश्न पुढील काळात वेगळाच उभा राहील.

ज्याला पेन्शन नाही, त्याच्यासाठी साहाय्य. हवालदार वा त्याखालील हुद्द्याचा, पासष्टी ओलांडलेला, निराधार माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना ध्वजदिन निधीतून दरमहा अनुदान मिळते. ते 4000 रुपये होते. नोव्हेंबर 2025 पासून 8000 झाले. डिसेंबरच्या सात तारखेला छातीवर लावावयाचा कागदी झेंडा 1949 पासून विकला जातो, तो याच निधीसाठी. त्या डब्यात पडणारे नाणे कोठे जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परंतु रकमा वाढल्या तरी त्या पोहोचावयाच्या कागदाच्या वाटेनेच, आणि खरी ठेच लागते ती तेथे. सातारा जिल्ह्यातील मराठा पलटणीच्या जवानाचे सेवापुस्तक बेळगावच्या अभिलेख कार्यालयात असते. महार रेजिमेंटच्या जवानाचे मध्य प्रदेशातील सागरला. पेन्शनीचा आदेश निघतो प्रयागराजहून. जवान जिवंत असेतो ही दूरची ठाणी जाणवत नाहीत. तो गेला, की सारे ओझे अशा बाईवर येते, जिने तालुक्याची कचेरीही क्वचितच पाहिलेली असते. लढाईत पती पडला तर कुटुंबाला शेवटच्या वेतनाइतके पेन्शन मिळते, सेवेमुळे मृत्यू आला तर 60 टक्के, आणि घरी आल्यानंतर सामान्य कारणाने आला तर आरंभीचा वाढीव दराचा काळ सरल्यावर 30 टक्के. नियम स्पष्ट आहेत. अडते ते नावापाशी.

आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलण्याची रीत होती. जवानाने पलटणीत माहेरचे नाव लिहविले, शिधापत्रिकेवर सासरचे आले, आधारवर तिसऱ्याच तऱ्हेने उतरले. जन्मतारीख तर अंदाजाचीच. लग्नाची, अपत्यांची नोंद पलटणीच्या दप्तरात ज्या आदेशाने होते त्याला जवान ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. ती नोंद राहून गेली, तर सरकारच्या लेखी त्या घरात पत्नीच नसते. मग प्रतिज्ञापत्रे, दाखले, पत्रव्यवहार. आणि या काळात घर चालावयाचे कशावर, याचे उत्तर कोणत्याच नियमात नाही. वास्तविक हीच दुरुस्ती पतीच्या हयातीत, त्याच्याच सहीने, किती तरी सुकर असते. अलीकडे ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेमुळे पेन्शन थेट खात्यात जमा होते, हयातीचा दाखलाही घरबसल्या देता येतो. पण यंत्र जुनी चूक तितक्याच निष्ठेने पुढे चालविते.

इतर सोयींचा उल्लेख थोडक्यात पुरेल. 2003 पासून पेन्शनधारक व त्यांच्यावर अवलंबून असणारांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. केंद्र सरकारच्या ‘क’ वर्गातील जागांत 10 टक्के आरक्षण आहे, तरी पात्र उमेदवारांअभावी त्यांतील कित्येक जागा रिकाम्या राहतात. बंदूक चालविण्याच्या अनुभवाचे रूपांतर परीक्षेच्या गुणांत करणे सोपे नाही. पुण्याजवळ खडकीला कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र 1974 पासून चालते. तेथे चाकाच्या खुर्चीवर बसून खेळण्याचा व हस्तकौशल्याचा सराव होतो.

ज्या घरी माजी सैनिक आहे, त्या घरी डिस्चार्ज पुस्तक आणि पेन्शनीचा आदेश बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेले असतात. त्यांतील पत्नीचे नाव व जन्मतारीख तिच्या आजच्या कागदांशी अक्षरशः जुळते काय, हे पाहावयास एक संध्याकाळ पुरते. जुळत नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथील अधिकारी बहुधा स्वतः माजी सैनिक असतो, आणि बेळगावला किंवा सागरला पत्र कसे लिहावे, हे त्याला ठाऊक असते.