चार स्टेशनं, काम काही नाही

मार्च 2025. होळी होऊन आठवडा झालाय, तरी जिन्याच्या भिंतीवर पोरांच्या गुलाबी पंज्यांचे ठसे तसेच आहेत. सकाळचे सव्वासहा वाजलेत. नायगावच्या बीडीडी चाळीत पाणी आलंय.

नळ आधी फुसफुसतो. दोन-चार तांबूस शिंतोडे उडवतो, मग धार धरतो. पहिली बादली मोरी धुवायला. दुसरीपासून पाइप निळ्या पिंपात सोडायचा आणि पाठ फिरवून ओट्याकडे वळायचं. पिंपाकडे बघत उभं राहायची गरज नसते, ते कानाला कळतं. तळाला धार आपटते तेव्हा आवाज मोठा आणि घुमणारा असतो. अर्ध्यावर आलं की भरदार होतो. गळ्याशी आलं की सूर बारीक होत चढायला लागतो आणि तो चढता सूर संपायच्या आत हात नळावर पोचावा लागतो. तेवढ्या वेळात माझे दोन कांदे चिरून होतात, पोहे भिजवून निथळत ठेवले जातात. आज कांदा जरा पाणचट आहे, सुरीखाली करकरत नाही. नवा कांदा असाच. टिकत नाही, पण फोडणीत लवकर गुलाबी होतो.

खोली 160 चौरस फुटांची. ओटा, मोरी, कपाट, पलंग, पोटमाळा, देव, टीव्ही आणि आम्ही दोघं. ब्रिटिश सरकारने 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, आणि गिरणीकामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे या चाळी उठवल्या. नायगावात 42. मधोमध बोळ, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले. एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. भिंती अशा की खिळा वाकतो पण आत जात नाही. बोळात दिवसाही दिवा लागतो आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. चाळीतल्या आपुलकीवर लिहिणारे या टोकापर्यंत सहसा येत नाहीत. बाजूच्या काही चाळी पाडून तिथे टॉवर चढतायत, आम्हालाही 500 चौरस फुटांचं घर कबूल झालंय. दाराच्या आत स्वतःचा संडास, ही कल्पना मला अजून पुरती झेपत नाही. पण ते होईल तेव्हा होईल. आत्ता या बोळातून सकाळी चालताना प्रत्येक दाराशी वेगळा वास लागतो, तो मी घेते. डावीकडे उदबत्ती, पुढे सुकटीची फोडणी, त्यापुढे इस्त्रीखालचं ओलसर खाकी कापड. त्या घरातला मुलगा पोलिसात आहे.

सगळं आवरून साडेनऊला मी पायांत चपला सरकवते.

"कुठे?" हे पेपरातून वर न बघता विचारतात.

"जरा लालबागला जाऊन येते."

"काय आणायचंय?"

याचं उत्तर तयार नाही, म्हणून मी दारामागची कापडी पिशवी उचलते. पिशवी हातात असली की बाई कामाला निघालीय असं समजतात. बोळात समोरच्या वहिनी तांदूळ निवडत बसल्यायत. पिशवी बघून त्याच म्हणतात, "मिरचीला का?" मी मान हलवते. मार्च आहे, नायगाव-परळातली निम्मी बायकामंडळी मिरचीलाच निघालेली असतात. संशय यायचं कारण नाही.

खरं म्हणजे मी कशालाच निघालेली नाही. माझी भाची हिमाचलात एकटी फिरून आली, त्याला ती सोलो ट्रिप म्हणते. तिचे डोंगरांचे फोटो मी बोटाने मोठे करकरून पाहिले. तिला कुणी विचारलं नाही, काम काय होतं तिकडे. आमच्या पिढीतल्या बाईने एकटीने जायचं तर दवाखाना, बँक, बाजार किंवा मयत. मला नायगाव स्टेशनातून मोनोरेलमध्ये बसायचंय आणि खिडकीतून बघायचंय, एवढंच. हे मोठ्याने सांगायला तोंड होत नाही.

स्टेशनावर गर्दी हा प्रकारच नाही. मुंबईत इतकी मोकळी फरशी कुठे दिसत नाही. सुरक्षेला उभी असलेली मुलगी म्हणते, "काकी, पिशवी मशीनमध्ये टाका."

"रिकामी आहे गं."

"तरी टाका."

पिशवी पट्ट्यावर आडवी होऊन आत जाते आणि पलीकडून तशीच बाहेर येते. पडद्यावर तिच्या पोटात काय दिसलं असेल, कुणास ठाऊक. मुलगीही हसते.

तिकिटाच्या खिडकीवर मी म्हणते, "सात रस्ता."

"संत गाडगे महाराज चौक?"

"तेच."

प्लॅस्टिकचं गोल टोकन हातात येतं. फलाटावर गाडीची पंधरा-वीस मिनिटं वाट बघावी लागते. ज्याला ऑफिस गाठायचंय तो असा थांबणार नाही, आणि तो थांबत नाही म्हणून ही गाडी रिकामी. 2014 च्या फेब्रुवारीत वडाळा ते चेंबूर सुरू झाली तेव्हा देशातली पहिली मोनो म्हणून केवढं कौतुक झालं. आमच्या अंगाने सात रस्त्यापर्यंत यायला तिला 2019 चा मार्च उजाडला. पांढरा हत्ती म्हणतात तिला, आणि ते खोटं नाही. पण हत्तीवर बसायला मिळत असेल तर मी बसून घेते.

गाडी येते. चार डबे, रबरी चाकं, काँक्रीटच्या एका तुळईवर दोन्हीकडून पाय टाकून बसलेली. माझ्या डब्यात परीक्षेचं पॅड मांडीवर घेतलेला मुलगा, झोपलेला एक गृहस्थ आणि मी. सुटताना डबा थोडा डावीकडे झुलतो, मग उजवीकडे. मी खिडकीशी तिरकी बसते.

स्प्रिंग मिलच्या जागी उभे राहिलेले दोन टॉवर मान मागे टाकूनही पुरे दिसत नाहीत. सासरे त्या गिरणीत होते. 1982 च्या जानेवारीतल्या संपात बाहेर पडले, ते परत आत गेलेच नाहीत. टॉवरकडे बघण्यात मला गोडी नाही, काचेत काचच दिसते. गोडी आहे ती खालच्या अंगाला, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. मोनो बरोबर तिथून जाते.

वळणावर गाडी हळू होते आणि एका जुन्या चाळीची गॅलरी शेजारून सरकायला लागते. गजाला अडकवलेल्या आरशात एक माणूस दाढी करतोय, गालात जीभ घालून. तो बघत नाही, त्याला या गाडीची सवय झालीय. त्याच्या डोक्यावर दांडीवर कपडे. वाळत घालणारीचा हात मला लगेच ओळखू येतो. साडी चौपदरी घडीत बाहेरच्या दांडीवर, शर्ट खालून धरून उलटे टांगलेले म्हणजे खांद्याला चिमट्याचा वळ पडत नाही, आणि आतले कपडे आतल्या दांडीवर, साडीच्या आड. टॉवेल मात्र सरळ न झटकता टाकलाय, कडा मुरगळलीय. तो बहुतेक नवऱ्याने टाकला असावा.

चाळीत आम्ही सतत एकमेकांच्या नजरेत असतो, पण सावकाश बघायचं म्हटलं तर ते बरं दिसत नाही. उघड्या दारासमोरून जाताना नजर खाली ठेवायची, हा शिकवण्याआधी अंगात येणारा नियम. इथे तो लागू नाही. आंबेडकर नगर स्टेशन जातं. पुढच्या गच्चीवर जुन्या सुती साडीवर लाल मिरची पसरलीय. एक बाई तोंडाला ओढणी बांधून, काठीच्या टोकाने ती परतते आहे. सगळीकडे सारखी नाही, कडेची आत आणि आतली कडेला. बेडगी असावी, सुरकुतलेली आणि गडद. काठी ठेवून ती एक मिरची उचलते, कानाशी नेऊन हलवते. बिया वाजल्या की वाळली. वाजली की नाही ते मला कळत नाही, गाडी पुढे गेलेली असते.

डबा वातानुकूलित, खिडक्या बंद. वास नाही, आवाज नाही. मिंट कॉलनी येते तेव्हा मला ठाऊक आहे की इथून जवळच लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत डंख सुरू झालेत, लोखंडी मुसळं एकाआड एक पडतायत, धणे, मिरची, दगडफूल कांडलं जातंय आणि रांगेतल्या बायका शिंका आवरत आपल्या पिशवीवर नजर ठेवून उभ्या आहेत. काचेआड बसून माझ्या नाकात उगीच खाज सुटते.

गाडी आंबेडकर रस्ता ओलांडते, उड्डाणपुलाच्याही वरून. करी रोडला खाली मध्य रेल्वेचे रूळ. एक लोकल नेमकी निघालीय, दारात माणसं लटकलेली, एकाचा पट्ट्याचा डबा बाहेर लोंबतोय. माझ्या शेजारच्या जागेवर माझी पिशवी बसलीय. थोडी लाज वाटते, मग ती लोकलबरोबर मागे राहते. लोअर परळ पटकन जातं. तिथे बघण्यासारखं मला काही सापडत नाही.

सात रस्त्याला गाडी संपते. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या बाबांचं नाव या फलाटाला आहे आणि फलाट खरोखर लख्ख आहे. झोपलेल्या गृहस्थांना कर्मचारी हलवून उठवतो. टोकन फाटकात टाकून मी बाहेर येते, रस्त्यावर न उतरता तशीच तिकिटाच्या खिडकीकडे वळते. तेवढ्यात फोन.

"मिळाली का मिरची?"

"अजून नाही. कुकर लावा तेवढा. दोन वाट्या तांदूळ, पाणी बोटाच्या दोन पेरांवर. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक."

"शिट्ट्या मोजत बसू मी?"

"टीव्ही बंद केलात की आपोआप मोजल्या जातील."

मागे एक माणूस सुटे पैसे घेऊन उभा आहे. मी दहाच्या चार नोटा काचेखालून सरकवते.

"कुठे?"

"चेंबूर," मी म्हणते. "शेवटपर्यंत."